‘त्यांच्यासाठी डॉक्टरांची फौज आहे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सिस्टर,

मंगळाच्या प्रवासात आजारी पडणाऱ्या माणसावर उपचार कसे होतील, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : अंतराळवीर निवडतानाच धडधाकट निवडतात, त्यांच्यावर पृथ्वीवरून डॉक्टरांच्या फौजेची अष्टौप्रहर नजर असते आणि फारच झालं तर सोबत एक डॉक्टर दिला की प्रश्न मिटला. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या वाड्यावर बाळंतीण रात्री रुग्णवाहिकेची वाट बघत असताना हा विषय म्हणजे चैन आहे, असंही तुम्ही म्हणता. उभी नोकरी उपकेंद्रात काढलेल्या परिचारिकेचा हा आक्षेप आहे, तेव्हा त्याला दोन ओळींत उत्तर देणं मला बरं वाटेना.

धडधाकट असण्याचा मुद्दा आधी घेते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या एका अंतराळवीराच्या मानेतल्या शिरेत रक्ताची गुठळी सापडली, त्याची हकिगत २०२० च्या जानेवारीत वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. मोहिमेला दोनेक महिने झाले होते. त्रास काहीच नव्हता. संशोधनासाठी सोनोग्राफी चालू होती, म्हणून ती दिसली. वजनरहित अवस्थेत रक्त पायांकडे ओढलं जात नाही, ते डोक्याकडे सरकतं, आणि मानेतल्या शिरेतला प्रवाह मंदावतो, कधी थांबतो. निवडीच्या वेळी कितीही तपासण्या करा, हा बिघाड तिथे गेल्यावरच होतो. हाडांचंही तेच : जोर पडणाऱ्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्का घटते, सुटलेलं कॅल्शियम लघवीत उतरतं आणि मूतखड्याचा धोका वाढतो. दिवसाला दोन तास व्यायाम करूनही हे पूर्ण थांबत नाही.

पुढचा भाग तुमच्या हातच्या कामाचा आहे. गुठळी वाढू नये म्हणून एनॉक्सापॅरिन या औषधाची इंजेक्शनं द्यायची ठरली, पण स्थानकावर त्याच्या मोजक्याच वायल, म्हणजे छोट्या बाटल्या, होत्या. त्या पुरवून पुरवून वापरल्या, मध्यंतरी डोसही कमी केला आणि साधारण ४० दिवसांनी मालवाहू यानातून गोळ्या पोचल्या. तोवर रक्तस्राव सुरू झाला असता तर त्यावरचा उतारा तिथे नव्हता. वायलमधून औषध ओढणंही अवघड, कारण तिथे औषध खाली आणि हवा वर असं होत नाही, दोन्ही एकमेकांत मिसळून राहतात. सलाईन स्टँडला टांगून थेंब मोजायची सोय नाही, ते दाबाने किंवा पंपानेच सोडावं लागतं. शिवाय सलाईन म्हणजे वजन. म्हणून पिण्याच्या पाण्यापासून तिथेच सलाईन बनवण्याचा प्रयोग २०१० साली स्थानकावर करून पाहिला. छातीवर दाब द्यायचा तर दाब देणाराच मागे ढकलला जातो. एका पद्धतीत तो पाय छताला टेकवतो आणि उलटा होऊन दाब देतो.

हे सगळं स्थानकावरचं, पृथ्वीपासून अवघ्या ४०० किलोमीटरवरचं. तिथून माणसाला परत आणता येतं. १९८५ साली सोव्हिएत स्थानक साल्यूत-७ वर व्लादिमिर वास्युतिन आजारी पडले, तेव्हा मोहीम आटोपती घेऊन त्यांना खाली आणलंच. मंगळाच्या वाटेला लागलेलं यान असं मध्येच फिरवता येत नाही, मालवाहू यानही मागून येत नाही. मोहीम साधारण तीन वर्षांची. स्थानकावरच्या औषधांच्या यादीची २०२४ मध्ये छाननी झाली, तेव्हा निम्म्याहून जास्त औषधांची मुदत तेवढ्या काळात संपते असं दिसलं.

आणि ज्या डॉक्टरांच्या फौजेवर तुमचा भरवसा आहे, तिच्याशी बोलणंच होत नाही. संदेश मंगळापर्यंत पोचायला ३ ते २२ मिनिटं लागतात, उत्तर यायला पुन्हा तेवढीच. ‘इथे दाबल्यावर दुखतं का?’ एवढं विचारून उत्तर मिळेपर्यंत पाऊण तास जाऊ शकतो. सूर्य मधे आला की जवळपास दोन आठवडे संपर्कावर भरवसाच ठेवता येत नाही.

मग सोबत डॉक्टर द्या, हे बरोबरच आहे. पण डॉक्टरच पडला तर? याचं उदाहरण आपल्या गोव्याला तसं जवळचं आहे. वास्कोच्या हेडलँड सड्यावरची ध्रुवीय संशोधन संस्था अंटार्क्टिकातलं ‘मैत्री’ हे आपलं केंद्र चालवते. तिथून चार-पाच किलोमीटरवर नोवोलाझारेव्स्काया हे रशियन केंद्र आहे. १९६१ च्या एप्रिलअखेरीस तिथले एकुलते डॉक्टर लिओनिद रोगोझोव्ह यांचं अपेंडिक्स सुजलं. हिवाळा होता, बाहेरून कोणी येणं शक्य नव्हतं. त्यांनी जागा बधिर करून स्वतःच्या पोटावर स्वतःच शस्त्रक्रिया केली. उपकरणं हातात देणारा हवामानतज्ज्ञ होता आणि आरसा धरणारा वाहनचालक. या दोघांना काय करायचं ते रोगोझोव्ह यांनी आधी नीट समजावून सांगितलं होतं. आपण बेशुद्ध पडलो तर काय टोचायचं, श्वास कसा द्यायचा, हेसुद्धा. मला त्या शस्त्रक्रियेपेक्षा ही तयारी मोठी वाटते.

सिस्टर, लेख लिहिण्यामागचं माझं खरं कारण हेच आहे. दूरच्या रुग्णाचं भलं शेवटी त्याच्या उशाशी असलेल्या माणसावर ठरतं. त्याला काय शिकवलंय, त्याच्या कपाटात काय आहे आणि निर्णय घ्यायची मुभा त्याला आहे की नाही, यावर. स्थानकावर ज्याच्याकडे ही जबाबदारी असते तो बहुतेक वेळा वैमानिक किंवा अभियंता असतो, त्याचं वैद्यकीय प्रशिक्षण काही तासांचं. तरी जमिनीवरचे तज्ज्ञ सांगत गेले आणि डॉक्टर नसलेल्या अंतराळवीरांनी एकमेकांच्या खांद्याची उत्तम सोनोग्राफी करून दाखवली. मंगळावर तो सांगणारा आवाजही नसेल. तेव्हा कोणता निर्णय कोणी घ्यायचा, हे निघण्यापूर्वीच लिहून ठेवावं लागेल.

उपकेंद्रात काय होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. परिचारिकेला कळतं, हात चालतो, औषध कपाटात असतं आणि तरी सहीसाठी थांबावं लागतं. मंगळावरच्या संशोधनामुळे उद्या सत्तरीत रुग्णवाहिका लवकर येईल, असं मी कधीच म्हणणार नाही. ते खोटं आहे. बाळंतिणीला वाट बघावी लागते तो रस्त्यांचा, गाड्यांचा आणि माणसं नेमण्याचा प्रश्न आहे. तो इथल्या पैशातून इथेच सुटायला हवा आणि त्याबद्दल तुमचा राग रास्त आहे. पण उशाशी असलेल्या माणसावर विश्वास टाकला की काय होतं, हे आपल्याकडेही दिसलंय. हृदयविकाराच्या रुग्णाचा ईसीजी लहान इस्पितळातून बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या हृदयरोगतज्ज्ञांकडे जातो आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन रुग्णाला हलवण्याआधीच तिथल्या तिथे देता येतं. पूर्वी फक्त ‘बांबोळीला घेऊन जा’ एवढंच ऐकायला मिळायचं. हीच रीत बाळंतपणातल्या रक्तस्रावाला, सर्पदंशाला का लागू नये? कोणते निर्णय परिचारिकेने न विचारता घ्यावेत, याची यादी तुम्ही करून पाठवाल का? मी ती इथे स्वतंत्र लेख म्हणून, तुमच्या अटींवर छापेन.

अंतराळात दाढ दुखली तर काय, असंही तुम्ही शेवटी विचारलं होतं. स्थानकावरच्या पेटीत तात्पुरतं सिमेंट भरण्याचं सामान असतं आणि दाढ काढायचा चिमटाही. दोन्ही कामं अंतराळवीरांना शिकवलेली असतात. रुग्णाला पट्ट्यांनी बांधावं लागतं आणि चिमटा धरणाऱ्यालाही कुठेतरी पाय अडकवून घ्यावे लागतात, नाहीतर ओढताना दोघंही गोल फिरतील.