गिऱ्हाईक भोळं नव्हतं

परवा शाळेच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "कॅनडातल्या आदिवासींनी चार काचमण्यांवर सोन्यासारखी फर देऊन टाकली. बिचारे भोळे!" मी टोरांटोत राहतो. २०२५ मध्ये फरच्या व्यापारातून उभ्या राहिलेल्या हडसन्स बे कंपनीची दुकानं बंद झाली, तेव्हापासून या धंद्याचं खूळ डोक्यात बसलंय. त्यामुळे मित्रा, हे जरा ऐकच.

सगळा खेळ युरोपातल्या टोपीचा. बीव्हर म्हणजे पाण्याकाठी राहणारा, कुरतडणारा केसाळ प्राणी. त्याच्या कातड्यावर वरून राठ केस असतात आणि खाली दाट, मऊ लव. त्या लवेचा नमदा पावसातही आकार सोडत नाही. पण राठ केस काढणं जिकिरीचं. म्हणून सतराव्या शतकातल्या टोपीवाल्यांना कोऱ्या कातड्यापेक्षा वापरलेलं जास्त प्यारं! आदिवासींनी केसाळ बाजू आत करून एक-दोन हिवाळे अंगावर घातलेलं, घाम मुरलेलं, राठ केस आपोआप झडलेलं. म्हणजे जुनं पांघरूण द्यायचं आणि धातूचा हंडा घरी न्यायचा. १६३४ मध्ये इन्नू जमातीचा एक माणूस हसून म्हणाला होता की इंग्रजांना अक्कल नाही, एका कातड्यापायी वीस सुऱ्या देतात. फ्रेंच पाद्री ल ज्यूनने ते लिहून ठेवलंय.

हडसन उपसागराकाठच्या यॉर्क फॅक्टरी या कंपनीच्या ठाण्यावर एक चांगलं कातडं हेच चलन, 'मेड बीव्हर'. क्री जमातीचे व्यापारी तिथे घासाघीस करायचे. हंडा जड आहे, बंदूक थंडीत फुटते, तंबाखू ब्राझीलचीच हवी. कंपनी ती खरंच लिस्बनमार्गे मागवायची. नाही पटलं तर माल घ्यायला प्रतिस्पर्धी फ्रेंच होतेच.

लुबाडणूक झाली ती कागदावर. २ मे १६७० ला इंग्लंडचा राजा चार्ल्स दुसऱ्याने हडसन उपसागराला मिळणाऱ्या नद्यांचा सगळा मुलूख, भारताहून मोठा, न बघताच कंपनीला लिहून दिला. हाच तो मुंबई आंदण मिळालेला राजा. ती त्याने १६६८ मध्ये वर्षाला १० पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला दिली. इकडचं भाडं त्याहून मजेदार: राजा कधी आलाच, तर दोन एल्क आणि दोन काळे बीव्हर.

१८७० मध्ये हा मुलूख ३ लाख पौंडांना कॅनडाकडे गेला. वर सुपीक पट्ट्यातला विसावा हिस्सा कंपनीने स्वतःकडे ठेवला. क्री असोत की मेती (आदिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाचे लोक), कुणालाच विचारलं नाही. याच मुलखातल्या रेड रिव्हर वसाहतीत मेतींचा पुढारी लुई रिएल विरोधात उभा राहिला तो त्यामुळेच.

आणि १९७० मध्ये एलिझाबेथ राणी आली, तेव्हा कंपनीने भाडं म्हणून दोन जिवंत बीव्हर हजर केले. मुलूख विकून शंभर वर्षं झाली होती. भाडं तरीही राणीलाच.