ती बस कोणी चुकवली? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम सलाम.

'पाहणाऱ्याला देव रोज दिसतो' या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया गेल्या आठवडाभरात मी अनेकदा वाचली. दोन ओळींत आभार मानून मोकळे व्हावे अशी ती नाही, म्हणून हे सविस्तर उत्तर लिहीत आहे. इतर वाचकांसाठी तुमचे म्हणणे आधी थोडक्यात मांडते. त्यात माझ्याकडून काही निसटले असेल तर अवश्य सांगा. तुम्ही ख्रिस्ती घरात वाढलात, पण आता उपासनेला जात नाही. तुमचा पहिला आक्षेप असा की माझ्यासारखी माणसे चांगले घडले की ते देवाच्या खात्यावर जमा करतात आणि वाईट घडले की वहीच मिटून ठेवतात. इतके निवडून पाहणाऱ्याला कुठेही काहीही दिसू शकते. दुसरे म्हणजे, तुमचा धाकटा भाऊ चार महिने रुग्णालयात होता आणि तिथेच गेला. त्या दिवसांत तुम्ही अगदी मनापासून शोधत होता, तरी तुम्हाला देव दिसला नाही. तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त लागला. पाहणाऱ्याला देव दिसतो असे लिहिले की ज्याला दिसत नाही त्याच्या पाहण्यातच खोट आहे, हे न लिहिताही लिहिले जाते, असे तुम्ही म्हटले आहे.

पहिल्या आक्षेपाबाबत मला माघार घ्यायची आहे. मूळ लेखात मी सकाळची बस चुकल्याचा प्रसंग सांगितला होता. पुढच्या बसची वाट पाहत असताना कित्येक वर्षांनी एक मैत्रीण भेटली, ती फार अडचणीत होती, आम्ही तासभर बोलत बसलो; आणि मी बेधडक लिहून टाकले की ती बस देवानेच चुकवली. तुम्ही विचारता की त्याच बसमागे धावून जो दुसरा माणूस मागे राहिला आणि ज्याचा त्या दिवशीचा रोजगार बुडाला, त्याची बस कोणी चुकवली. याचे उत्तर माझ्याकडे नाही. मैत्रीण भेटली एवढेच मला माहीत होते. बस कोणी आणि कशासाठी चुकवली हे मला माहीत नव्हते, आणि भेटीबद्दल देवाचे आभार मानायला ते माहीत असण्याची गरजही नव्हती. ते वाक्य मी लेखातून काढले आहे आणि का काढले याची नोंद तिथेच केली आहे.

तुमचा आक्षेप जुना आहे आणि भक्कम आहे. इंग्लिश तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनने १६२० मध्ये एक गोष्ट नोंदवली आहे. नवस बोलून जहाजफुटीतून वाचलेल्यांची चित्रे देवळात लावलेली होती. ती एका माणसाला दाखवून, आता तरी देवांचे सामर्थ्य मान्य करशील ना, असे विचारण्यात आले. त्याने उलट विचारले, की नवस बोलूनही जे बुडाले त्यांची चित्रे कुठे आहेत? गोष्ट मुळात बेकनचीही नव्हे. त्याच्या सोळाशेहून अधिक वर्षे आधी रोमन विचारवंत सिसेरोने ती डायगोरस नावाच्या ग्रीक नास्तिकाच्या संदर्भात सांगितली होती. माझ्या लेखातही अशी एक भिंत होती. आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये साक्ष देण्याची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते सर्वांसमोर सांगण्याची, जी रीत आहे तिच्यातही ही भिंत बहुधा असतेच: जो बरा झाला तो पुढे येऊन बोलतो, आणि ज्यांचे माणूस बरे झाले नाही ते मागच्या बाकावर बसून ऐकतात.

मात्र घटनांवरून देवाचे मन वाचण्याच्या या सवयीला सर्वांत स्पष्ट नकार मला शुभवर्तमानातच, म्हणजे बायबलमधील येशूच्या चरित्रातच, सापडतो. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती माणसे यरुशलेमेतील बाकीच्यांपेक्षा अधिक दोषी होती असे तुम्हाला वाटते काय, असे विचारून प्रभू येशू स्वतःच 'नाही' म्हणतो. आणि बुरूज का पडला, ते सांगत नाही. ऐकणाऱ्यांना तो पश्चात्ताप करायला सांगतो, म्हणजे त्यांची नजर मेलेल्यांवरून काढून त्यांच्या स्वतःकडे वळवतो. जन्मांध माणसाकडे पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, तेव्हाही तो दोन्ही पर्याय नाकारतो. (तिथे पुढे तो देवाची कार्ये प्रकट होण्याविषयी बोलतो, हे मी विसरलेले नाही, पण ते बोलून तो थांबत नाही, त्या माणसाला दृष्टी देतो. आपण बहुतेक वेळा फक्त बोलतो.) डोंगरावरील प्रवचनात तर देव आपला सूर्य दुष्टांवर आणि चांगल्यांवर सारखाच उगवतो. त्याच्या कृपेचा हिशोब बसच्या वेळापत्रकावरून मांडायला मी निघाले होते, याचे आता मला नवल वाटते.

मग देवाचे सान्निध्य ओळखणे म्हणजे मला काय म्हणायचे आहे, हे नीट सांगायला हवे. देव जवळ आहे, हे मी रोजच्या अनुभवांची बेरीज करून काढलेले उत्तर नाही. ते मी आधी विश्वासाने स्वीकारले आहे आणि मग दिवसाकडे पाहते. हे पूर्वग्रहाने पाहणे झाले, असे तुम्ही म्हणाल, आणि एका अर्थी ते खरेच आहे. म्हणूनच माझे अनुभव पुरावा म्हणून तुमच्यापुढे ठेवायला नको होते. वाचलेल्यांच्या चित्रांनी काही सिद्ध होत नाही हे मी मान्य करते. त्यावरून समुद्रावर कोणीच नाही असे मात्र ठरत नाही, आणि तुमच्या प्रतिक्रियेत तुम्ही ती उडी घेतली आहे असे मला वाटते. घरात आणखी कोणी आहे हे ज्याला ठाऊक असते तो प्रत्येक खुडबुडीवरून त्याचे असणे सिद्ध करीत बसत नाही. तो फक्त घरात एकटा असल्यासारखा वागत नाही. सान्निध्याची जाणीव म्हणजे मला मुख्यतः हे वागणे अभिप्रेत आहे.

आणि ही जाणीव नेहमी सुखाची नसते. बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकातला याकोब आंधळ्या बापाला फसवून, भावाचा आशीर्वाद लाटून पळालेला असतो. उशाला धोंडा घेऊन तो उघड्यावर झोपतो, आणि जागा झाल्यावर म्हणतो की परमेश्वर या ठिकाणी आहे आणि हे मला ठाऊक नव्हते. हे वचन आपण सुंदर अक्षरांत लिहून भिंतीवर लावतो. त्याच्या लगेच पुढे लिहिले आहे की तो भ्याला, ते मात्र कोणी लावत नाही.

माझी स्वतःची एक गोष्ट सांगते, जी मूळ लेखात नव्हती, कारण तिच्यात मी चांगली दिसत नाही. माझ्या वडिलांची स्मृती शेवटच्या काही वर्षांत हळूहळू जात होती. एका संध्याकाळी त्यांनी एकच प्रश्न नऊ-दहा वेळा विचारला. मी प्रत्येक वेळी उत्तर दिले, शब्दांत काही वावगे नव्हते, पण आवाजाला धार होती, आणि ते गप्प झाले. रात्री भांडी घासताना माझाच आवाज मला पुन्हा ऐकू आला, आणि तो मी एकटी ऐकत नाही असे वाटले. त्यात ऊब वगैरे काही नव्हती. लाज होती, आणि त्या लाजेसकट मला कोणी टाकलेले नाही, अशी एक खात्री होती जी मला समजावून सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न आला तेव्हा मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि मग उत्तर दिले. याला तुम्ही सदसद्विवेकबुद्धी म्हणू शकता आणि त्यावर मी वाद घालणार नाही. पण बसच्या प्रसंगात आणि या प्रसंगात एक फरक आहे: तिथे देवाने माझ्या बाजूने काम केले असे मी म्हणत होते; इथे मला माझी बाजू सोडावी लागली.

जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने सोळाव्या शतकात दिवसाचे परीक्षण करण्याची जी पद्धत घालून दिली, तिच्या पाच पायऱ्यांपैकी केवळ पहिली उपकारस्मरणाची आहे. पुढच्या चारही आपले पाप ओळखण्यासाठी कृपा मागणे, हिशोब देणे, क्षमा मागणे आणि सुधारण्याचा निश्चय करणे यांच्या आहेत. पहिली पायरी तेवढी घेऊन मी तिला आध्यात्मिक जीवन म्हणत होते.

ब्रदर लॉरेन्सचा दाखलाही मी अर्धाच दिला होता. पॅरिसच्या कार्मेली मठातल्या या स्वयंपाक्याला (मृत्यू १६९१) भांड्यांच्या गोंगाटातही प्रार्थनेइतकेच देवाचे सान्निध्य लाभत असे, एवढे लिहून मी पुढे गेले. राहिलेले असे: स्वयंपाकघराच्या कामाचा त्याला स्वभावतः तिटकारा होता, तरुणपणी युद्धात झालेल्या जखमेमुळे तो लंगडत असे, आणि मठात आल्यानंतर सुमारे दहा वर्षे, आपण देवाचे आहोत की नाही या विचाराने तो आतून पोळत होता. त्याची शांती त्या दहा वर्षांनंतरची आहे. माझ्या लेखात ती पहिल्याच दिवसाची वाटत होती, जणू काही ती भांड्याच्या साबणाबरोबर मिळते.

आता तुमच्या भावाविषयी. त्या चार महिन्यांवर भाष्य करण्याचा मला अधिकार नाही, आणि 'देव तिथे होताच, तुम्हाला कळला नाही' असे मी म्हणणार नाही. माझ्या विश्वासानुसार तो तिथे होता. पण माझा विश्वास तुमच्या दुःखावर ठेवायचा पेपरवेट नव्हे. न दिसणे हा दोष आहे का, या प्रश्नाचे उत्तर मात्र मी देऊ शकते, आणि ते 'नाही' असे आहे. बायबलमधील स्तोत्रसंहितेतील अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र पुन्हा वाचून पाहा. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात. हे वळत नाही. रात्रंदिवस आरोळी मारणारा माणूस, तू तोंड का लपवतोस असे देवाला विचारतो, आणि स्तोत्र अंधारावर संपते. ज्यांनी हा संग्रह जपला त्यांनी त्याला एखादे दिलाशाचे कडवे जोडले नाही आणि त्याला वगळलेही नाही. मदर तेरेसांची खासगी पत्रे त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये, प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळले की जवळजवळ पन्नास वर्षे त्यांना देवाचे सान्निध्य अगदी थोडा काळ वगळता जाणवलेच नव्हते. त्यांच्या पाहण्यात खोट होती असे म्हणायचे धाडस मी तरी करणार नाही.

तुमच्या तिसऱ्या आक्षेपामुळे मला मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायाकडे पुन्हा जावे लागले, आणि तिथे माझ्या लेखाचे शीर्षकच कोसळले. भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याचा समाचार, बंदिवानाची भेट: रोजच्या जगण्यात तो स्वतः कुठे भेटतो हे प्रभू येशूने इतक्या थेट शब्दांत दुसरीकडे क्वचितच सांगितले असेल. पण त्या दृष्टांतात त्याला कोणीच ओळखलेले नाही. न्यायाच्या वेळी डावीकडे उभे केलेले, म्हणजे ज्यांनी ही सेवा केली नाही ते, विचारतात, प्रभू, आम्ही तुला कधी पाहिले? आणि उजवीकडचेही अगदी तेच विचारतात. ज्यांनी त्याची सेवा केली त्यांनाही तो दिसला नव्हता. त्यांना भुकेला माणूस दिसला होता. इतकी वर्षे हा अध्याय वाचूनही दोन्ही बाजूंचा प्रश्न एकच आहे, हे माझ्या लक्षात आले नव्हते. तेव्हा 'पाहणाऱ्याला देव रोज दिसतो' हे वाक्य जसेच्या तसे उभे राहू शकत नाही. मला मात्र देव जवळ आहे असे धरून दिवसाकडे पाहण्याच्या सरावाची गरज पडते, कारण सहज चालत राहिले तर माझे पाय डावीकडे वळतात. वडिलांच्या दहाव्या प्रश्नाला ते वळलेच होते. ज्यांना या सरावाची गरज पडत नाही, त्यांच्यात काही कमी आहे असे मी यापुढे सुचवणार नाही.

शेवटी तुमच्याच प्रतिक्रियेतले एक वाक्य. रुग्णालयाच्या त्या मजल्यावर रात्री झाडलोट करणारी एक बाई, कोणी न सांगता, तुमच्यासाठी रोज कुठून तरी एक खुर्ची आणून ठेवत असे, असे तुम्ही ओघात लिहिले आहे आणि लगेच पुढच्या मुद्द्याकडे गेला आहात. 'पाहा, हाच तो देव' असे लिहायला माझा हात शिवशिवला, हे कबूल करते. पण तसे लिहिले तर पुन्हा एक चित्र त्याच भिंतीवर लागेल, आणि शिवाय त्या बाईची खुर्ची मी तिच्याकडून काढून घेतल्यासारखे होईल. ती खुर्ची तिने आणली होती. तिच्याविषयी मला आणखी ऐकायला आवडेल: ती काही बोलत असे का, आणि शेवटच्या रात्री ती तिथे होती का. सांगावेसे वाटले तर सांगा. त्यावर मी काही लिहिणार नाही.