दूरच्या युद्धाचा समाजकार्याशी संबंध नसतो, या समजाविषयी

सामाजिक संस्थांच्या वर्तुळात एक मत सध्या वारंवार ऐकू येते. युक्रेन, गाझा किंवा सुदानमध्ये जे चालले आहे त्याचा आपल्या वस्तीतील कामाशी संबंध नाही. एका देशाची मदत थांबली तर दुसरा दाता मिळतो. निरपेक्षपणे सेवा करणाऱ्याला कोणी हात लावत नाही. म्हणून कार्यकर्त्याने राजकारणावर बोलू नये, असे त्याचे स्वरूप आहे. हेतू चांगला असला तरी यातील पहिली तीन विधाने चुकीची आहेत आणि चौथे अर्धेच खरे आहे.

संबंध नाही, हे म्हणणे महाराष्ट्राने तरी करू नये. सोव्हिएत राजवटीने सैबेरियात आणि मध्य आशियात हद्दपार केलेली पोलिश कुटुंबे इराणमार्गे कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात आली आणि १९४३पासून सुमारे पाच हजार निर्वासितांची वसाहत तेथे काही वर्षे नांदली. अलीकडचे पाहायचे तर २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा आपल्या सूर्यफूल तेलाच्या आयातीचा मोठा भाग युक्रेनमधून येत होता. त्यात एप्रिलअखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे रोखली. जी संस्था वसतिगृह चालवते, तिचे अंदाजपत्रक आधीच ठरलेले असते. तेल महागले की तेवढी रक्कम मुलांच्या दुसऱ्या कोणत्या तरी गरजेतून काढावी लागते.

दुसरा दाता मिळेल, ही आशा मोठे देश एकाच वेळी हात आखडता घेतात तेव्हा फोल ठरते. फेब्रुवारी २०२५मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी संरक्षण खर्च वाढवण्यासाठी परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यावरून २०२७पर्यंत ०.३ टक्क्यावर आणण्याचे जाहीर केले, आणि त्यांच्याच विकासमंत्र्यांनी त्यावरून राजीनामा दिला. त्याच्या महिनाभर आधीच अमेरिकेने आपली मदत गोठवली होती. सुदानमध्ये स्थानिक स्वयंसेवकांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत चालवलेली शेकडो अन्नछत्रे त्यामुळे बंद पडली. आपल्याकडे परकीय देणग्यांवरील पहिला कायदा १९७६चा, म्हणजे शीतयुद्धाच्या आणि आणीबाणीच्या काळातला, आणि त्यामागे परकीय हस्तक्षेपाचा संशय होता. त्याच्या जागी आलेल्या २०१०च्या कायद्यातील २०२०च्या दुरुस्तीने अशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास पूर्ण बंदी घातली. शहरातील मोठ्या संस्थेमार्फत निधी मिळवणाऱ्या खेड्यातील लहान संस्थांची वाट त्यामुळे बंद झाली.

सर्वांत घातक विधान तिसरे आहे. ओसामा बिन लादेनचा माग काढण्यासाठी अमेरिकी गुप्तहेर यंत्रणेने २०११मध्ये पाकिस्तानातील अबोटाबाद येथे एका स्थानिक डॉक्टरकरवी काविळीच्या लसीकरणाची मोहीम राबवली. लस निमित्त होती, घरातल्यांचे रक्तनमुने मिळवणे हा हेतू होता. हे उघड झाल्यावर लस घेऊन दारी येणारी प्रत्येक बाई संशयित ठरली. पुढच्या वर्षी वझिरिस्तानातील अतिरेक्यांनी अमेरिकेचे ड्रोन हल्ले थांबेपर्यंत पोलिओ लसीकरणावर बंदी घातली, आणि डिसेंबरात कराची व पेशावर भागात पोलिओ कर्मचाऱ्यांना गोळ्या घालण्यात आल्या. मृतांत बहुतेक स्त्रिया होत्या. २०१२मध्ये पाकिस्तानात पोलिओचे ५८ रुग्ण होते, २०१४मध्ये ३०६ झाले. त्या वर्षी अमेरिकेने लसीकरणाचा असा वापर पुन्हा करणार नाही, अशी हमी दिली. पण विश्वास गमावण्याची किंमत तोवर त्या स्त्रियांनी आणि लहान मुलांनी मोजली होती. त्यांच्या निरपेक्षतेत कोणतीही उणीव नव्हती.

राहिला न बोलण्याचा मुद्दा. मदत देताना समोरचा कोणत्या बाजूचा हे पाहू नये, हे मला पूर्णपणे मान्य आहे. पण ज्या धोरणामुळे माणसे उपाशी राहतात त्याविषयी गप्प राहणे, हा त्याचा अर्थ नव्हे. पहिले महायुद्ध थांबल्यानंतरही दोस्त राष्ट्रांनी शत्रूराष्ट्रांची नाकेबंदी चालू ठेवली, तेव्हा ब्रिटिश समाजसेविका एग्लंटाइन जेब यांनी उपासमार झालेल्या ऑस्ट्रियन मुलांची छायाचित्रे असलेली पत्रके लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात वाटली. त्यासाठी त्यांना अटक झाली आणि दंडही भरावा लागला. शत्रूराष्ट्राच्या मुलांसाठी निधी उभारणारी त्यांची संस्था, ‘सेव्ह द चिल्ड्रन’, त्याच १९१९ साली स्थापन झाली.