ढोली आमच्याही वडात होती
अरुणाचलच्या ‘पक्के’ नावाच्या जंगलातल्या धनेशांवरचा, म्हणजे मोठ्या चोचीच्या हॉर्नबिल पक्ष्यांवरचा लेख वाचला. तिथले न्यीशी आदिवासी लोक पूर्वी टोपीवर धनेशाची खरी चोच मिरवायचे, आता फायबरची लावतात आणि गावकरीच घरट्यांची राखण करतात, हे वाचून बरं वाटलं. फक्त एक सांगायचं राहिलं. धनेश बघायला तेवढ्या लांब जायची गरज नाही. त्याचा धाकटा भाऊ, राखी धनेश, आमच्या मराठवाड्यातही आहे.

अंबाजोगाईकडं जाताना रस्त्याकडेच्या जुन्या वडात एक जोडी असायची. मादी ढोलीत शिरते, विष्ठा नि चिखलानं तोंड लिंपून घेते, चोच मावेल एवढी फट ठेवते. आत पिसंही गाळते, म्हणजे उडून जायची सोयच नाही. मग अंडी उबून पिल्लं जरा वाढेपर्यंत नर बिचारा उंबर, वडाची फळं, एखादा सरडा आणून त्या फटीतून भरवतो. उन्हाळाभर हीच हमाली! आमची आजी त्याला ‘शहाणा जावई’ म्हणायची.

रस्ता रुंद झाला, वड गेला. बदल्यात दुभाजकात कण्हेर लावली. कण्हेरीत ढोली होते का हो? लावलेल्या रोपाला ढोली धरायला पन्नास-साठ वर्षं सहज लागतात, मोजणी मात्र ‘तोडलेल्या एकास पाच झाडं’ अशी.

पक्केत घरटी दत्तक देतात म्हणे, म्हणजे राखणीचा खर्च कुणीतरी उचलतं. आमच्याकडं निदान उरलेल्या वडांची यादी तरी कुणी करावी. परळी रस्त्याला अजून चार आहेत, मी मोजलेत.