'खडीवर २८' का बिघडलं : फ्लिंडर्सच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स डोंगररांगांच्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतले आहेत. खडीच्या रस्त्यावर टायरमधली हवा कमी करायला सांगितली म्हणून कॉपली-अर्कारूला रस्त्यावर मागचे दोन्ही टायर गेले. चौघांना ८० लिटर पाणी म्हणजे उगाच भीती घालणं. आणि कोरड्या ओढ्यातल्या मऊ वाळूवर तंबू नको हे सांगणं म्हणजे सरकारी खाक्या. पहिल्या आक्षेपातला अर्धा दोष आमच्या लेखाचा आहे.

लेखात 'खडीवर २८' एवढंच छापलं, म्हणजे टायरमध्ये २८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). वेग आणि वजन त्याच ओळीत हवं होतं. हवा कमी झाली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते आणि त्यातून उष्णता तयार होते. ताशी ६०-७० किलोमीटरला ती बाहेर पडायला वेळ मिळतो. तुम्ही लिहिलेल्या ९०-१०० ला ती साचते आणि रबराचे थर सुटायला लागतात. टायर उतरवल्यावर आतून काळा भुगा निघाला असं तुम्हीच म्हणता. भुग्याचा अर्थ सरळ आहे : कमी हवेवर, वजनाखाली टायर आतून घासला गेला. दगडाने कापला आणि लगेच थांबलात, तर टायरला छेद दिसतो, भुगा नाही.

मागचेच का गेले, तर वजन मागे होतं. तुमच्या यादीची बेरीज करून बघा : माणसं २५० किलो, पाणी ८०, भरलेला फ्रिज ४५, छतावरचा तंबू ६०, दुसरी स्टेपनी ३०, लोखंडी बंपर ५०. झाले ५१५. कपडे, भांडी, डिझेलचे कॅन अजून बाहेरच. एवढ्या भाराला मागे २८ कमीच. पुढे २८-३० आणि मागे ३२-३४ पासून सुरुवात करा, तीही सकाळी, टायर थंड असताना मोजून. तिथे जुलै म्हणजे हिवाळा, पहाटे पारा शून्याजवळ असतो. दर पाच-सहा अंशांना साधारण १ पीएसआयचा फरक पडतो, म्हणून दुपारच्या मोजमापावर हिशेब करू नका.

मग तासाभराने थांबून पुन्हा मोजा. जाड बांधणीच्या 'लाइट ट्रक' टायरला साधारण ४ पीएसआयची वाढ ठीक. ८ वाढली, तर तेवढ्या वजनाला आणि वेगाला हवा कमी आहे : आधी वेग उतरवा, मग थोडी हवा भरा. २ च वाढली, तर अजून थोडी सोडता येईल. साध्या मोटारीच्या टायरला ६ पर्यंत चालतं.

'मग कमी करायचीच कशाला?' हा तुमचा प्रश्न रास्त आहे. ४० वर टायर ताठ राहतो, धारदार दगडावर दबत नाही, कापला जातो. शिवाय पन्हळी पत्र्यासारख्या झालेल्या रस्त्याचा मार थेट गाडीला बसतो. शॉकअपचं तेल तापून सील गळतं, कॅरियरचे नट आणि बॅटरीची टर्मिनल्स ढिली होतात. सिगारेट-लायटरच्या सॉकेटमधली फ्रिजची पिन निसटते आणि संध्याकाळी दूध नासलेलं सापडतं. रोज मुक्कामाला पोचल्यावर पाना घेऊन गाडीभोवती एक फेरी माराच. कंप्रेसर मात्र त्या सॉकेटला लावू नका, फ्यूज उडतो; चिमटे थेट बॅटरीला. आणि पंक्चरच्या वातीने टायरची बाजू दुरुस्त होत नाही, म्हणून दुसरी स्टेपनी.

पाणी. पिणं आणि स्वयंपाक धरून माणशी रोज ५ लिटर, चौघे, चार दिवस. विलपेनाच्या मुख्य तळावर नळ आहे हे खरं, पण फ्लिंडर्सच्या राष्ट्रीय उद्यानातल्या आडबाजूच्या तळांवर पिण्याचं पाणी मिळेलच असं धरू नका, आणि गाडी नळाशेजारी बंद पडत नाही. चार वेगळे कॅन घ्या, कारण एकाच टाकीची तोटी निखळली की सगळं गेलं. कॅन खाली रबरी चटईवर, मागच्या आसापुढे, घट्ट बांधून. छतावर कधीच नको. चटई नसेल तर घासून घासून प्लास्टिकला भोक पडतं.

ओढ्याबद्दल माघार नाही. पाऊस वरच्या डोंगरात पडतो, तळावर आकाश निरभ्र असतं आणि रात्री पाणी येतं. ब्राचिना घळीत तर रस्ताच बराचसा ओढ्यातून जातो. काठावरच्या जुन्या रेड गम झाडांच्या फांद्या वारा नसतानाही तुटतात, त्यामुळे सावलीही निवडून घ्या : तंबू पात्राच्या वरच्या सपाटीवर, फांद्यांच्या पसाऱ्याबाहेर.

लेखातली ओळ आता अशी आहे : 'खडीवर पुढे २८-३०, मागे भारानुसार ३२-३४, वेग ७० च्या आत, तासाभराने पुन्हा मोजा, डांबरीवर आल्यावर वेग वाढवण्याआधी हवा भरा.'