बाळ, लोकर आणि रविवारचा कटिंगचा तास

"बाळ झोपलं की घे ना विणायला." नव्या आईला हा सल्ला सगळे देतात, आणि देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी बाळ झोपलेलं असताना झबल्याचा गळा कापलेला नसतो. वाईट हेतू नसतो कुणाचा. फक्त शिवण-विणकाम म्हणजे एकच एक काम आहे आणि वेळ मिळाला की ते होतं, असा समज असतो. तो चुकीचा आहे, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आधी वेळेचा हिशोब. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी 289 मिनिटं वेळ जातो असं दिसलं. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा 88 मिनिटं. मुलांचं आणि आजारी माणसांचं करणं यात धरलेलंच नाही, ते वेगळं मोजतात. तेव्हा "वेळेचं नियोजन कर" हे बाईला सांगण्यात अर्थ नाही. घरात मिनिटं आहेत, ती कुणाकडे आहेत ते वरच्या आकड्यांत दिसतंच. प्रश्न इतकाच, की ती मागायची कशासाठी.

माझं म्हणणं असं: "मला जरा शिवायला वेळ हवाय" असं मागू नका. "रविवारी दहा ते अकरा कटिंग आहे, बाळ घेऊन खाली जा" असं मागा.

कारण शिवणाच्या प्रत्येक टप्प्याची गरज वेगळी. कापणं आणि इस्त्री या दोन कामांना मूल आसपास नकोच. मोठी कात्री, गरम इस्त्री, जमिनीवर पसरलेलं कापड आणि रांगणारं बाळ एका खोलीत बसत नाहीत. शिवाय कटिंग अर्ध्यावर सोडलं की कापड सरकतं, खूण कुठली कशाची ते विसरतं, आणि चूक झाली तर उसवून दुरुस्त करता येत नाही. उलट हातशिलाई, बटणं, हेम, धावदोरा ही कामं बाळ मांडीशेजारी खेळत असतानाही, सुईवर नजर ठेवून, पाच-पाच मिनिटांत होतात. मशीनचं काम या दोहोंच्या मधलं. इस्त्री बाळ झोपल्यावर उरकता येते. म्हणजे दुसऱ्या माणसाची खरी गरज फक्त कटिंगला आहे. तेवढा तास पक्का मिळाला तर आठवड्याचं बाकीचं काम तुकड्यातुकड्यांत निभतं.

हा तास वाया जाऊ नये म्हणून तयारी आदल्या दिवशी करायची. सुती कापड आणि मलमल भिजवून, वाळवून, इस्त्री करून ठेवायची. न भिजवता शिवलेलं झबलं पहिल्या धुण्यात आखडतं. कापड सरळ आहे का हे कडेचा एक आडवा धागा ओढून बघायचं. तो सुटतो त्या रेषेवर कापलं की तिरकेपणा जातो. मलमल गुळगुळीत फरशीवर सरकते, खाली जुनी चादर घाला. 90 सेंमी पन्ह्याच्या 1 मीटर मलमलीत तीन ते सहा महिन्यांच्या बाळाची बिनबाह्यांची दोन झबली आरामात निघतात. उंची 36 सेंमी, छातीचा तयार घेर 52 सेंमी, बाजूंना दीड सेंमी माया (शिवणीत जाणारं जादा कापड), खाली दुमडायला 2 सेंमी. गळ्याला 3 सेंमी रुंदीची उरेब पट्टी, म्हणजे धाग्यांना तिरकी कापलेली. सरळ पट्टी गळ्याच्या गोलाईत वळत नाही, चुण्या पडतात, आणि त्या चुण्या बाळाच्या मानेला घासतात.

नवशिक्यांचं झबलं फसतं ते बहुतेक वेळा गळ्यातच. मानेचं माप घेऊन गळा कापतात आणि मग डोकं जात नाही. सहा महिन्यांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 42-43 सेंमी असतो. तेवढा मोठा गळा ठेवला तर झबलं खांद्यावरून घसरतं. म्हणून गळा छोटा आणि मागे 12 सेंमी चीर, ती बांधायला बंद, म्हणजे कापडी नाड्या. बटण शक्यतो नको, लावलंच तर रोज ओढून बघायचं. बंदही आखूड, गाठ मारण्यापुरते.

एका तासात एकच कपडा कापू नका, दोन-तीन कापा. प्रत्येकाचे भाग, उरेब पट्टी, बंद आणि त्याच रंगाची दोऱ्याची रीळ एका पिशवीत. वर चिठ्ठी: आधी खांदे, मग गळा, मग बाजू, शेवटी खालची दुमड. थकलेल्या डोक्याला "आता पुढे काय होतं?" हा प्रश्न पडला की वीस मिनिटांतली दहा तिथेच जातात. चिठ्ठीतली एक ओळ म्हणजे एका झोपेचं काम.

आता मशीन. आवाज बाळापर्यंत पोचतो तो बराचसा जमिनीतून आणि टेबलातून. मशीनखाली जाड रबरी मॅट किंवा चार पदरी सतरंजी घातली की फरक पडतो. तीन-चार बॉबिन (खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळी) आधीच भरून ठेवा, पांढऱ्या आणि फिकट राखाडी दोऱ्याच्या. राखाडी दोरा बऱ्याच रंगांत लपून जातो. मलमलीला 11 नंबरची सुई, साध्या सुती कापडाला 14, जीन्सला 16. मलमलीवर 16 ची सुई चालवली तर भोकं दिसतात आणि कापड खाली ओढलं जाऊन चुरगळतं.

घाईत सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे कापडाखाली होणारा दोऱ्याचा गुंता. गुंता खाली दिसतो म्हणून लोक बॉबिनचा स्क्रू फिरवत बसतात, आणि चांगलं चाललेलं टेन्शनही, म्हणजे दोऱ्याचा ताण, घालवतात. दोष बहुतेकदा वरच्या दोऱ्याचा असतो. मशीनचा कापड दाबणारा पाय खाली असताना दोरा ओवला तर टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही आणि खाली सैल फासे पडतात. पाय वर उचला, दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवा, सुरुवातीला दोन्ही टोकं हातात मागे धरून चार टाके घाला. एवढ्याने नाही सुटलं तरच बॉबिनकडे वळा. मधूनमधून टाका चुकत असेल तर सुई बदला. बोथट झालेली असते किंवा उलटी बसलेली असते.

दुपटं शिवताना दोन थर शेवटी जुळत नाहीत, वरचा लांब निघतो. त्याचं कारण खालचे दाते खालचा थर पुढे नेतात आणि वरचा थर पायाखाली मागे ढकलला जातो. दर 8-10 सेंमीला आडवी टाचणी लावा आणि सुई तिथवर आली की ती काढा. टाचणीवरून मशीन चालवू नका, सुई तुटली तर तुकडा कुठे उडाला ते शोधण्यात ती अख्खी झोप जाते.

विणकामाचं गणित वेगळं आहे. तिथे कटिंगसारखा अडलेला टप्पा नाही, पण मोजणं आहे. "सव्वीस, सत्तावीस..." आणि तेवढ्यात रडणं. म्हणून बाळ वर्षाचं होईपर्यंत जाळीची, बारा ओळींनी परत येणारी नक्षी हाती घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. दिसायला ती कितीही सुंदर असो. अशा वेळी सगळ्या ओळी सुलट, किंवा दोन सुलट दोन उलट (सुलट आणि उलट हे विणकामाचे दोन मूळ टाके). डोळ्यांनी विण वाचता येते, आठवावं काहीच लागत नाही.

सरळ सुयांऐवजी केबलची गोल सुई घ्या, सपाट विणायचं असलं तरी. सरळ सुई बाळाने ओढली की ऐंशी टाके एका क्षणात मोकळे. गोल सुईवर टाके मधल्या केबलवर सरकवून ठेवता येतात आणि टोकांना रबरबँड गुंडाळला की काम निर्धास्त खाली ठेवता येतं. ओळीच्या मध्येच उठावं लागलं तरी हरकत नाही. परत आल्यावर दोरा ज्या टोकाकडून लोंबतोय ते टोक उजव्या हातात. हे उलटं झालं की अर्ध्या ओळीतूनच माघारी फिरता, एक बाजू दोन ओळींनी उंच होते आणि वळलेल्या जागी भोक दिसतं. टाका सुटला तर त्याच क्षणी सेफ्टी पिन अडकवा आणि बाळाकडे जा. क्रोशाच्या सुईने तो सुलट बाजूने एकेक दांडी चढवत वर आणता येतो, घाई नाही. दर दहा-बारा ओळींनी वेगळ्या रंगाचा सुती दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवला तर उसवायची वेळ आली तरी उसवण तिथे थांबते.

पहिलं काम म्हणून टोपी उत्तम. चार-पाच महिन्यांच्या बाळाला, डोकं साधारण 40-41 सेंमी असताना, टोपी 36 सेंमी हवी, ती ताणून बसते. 4 मिमीची, म्हणजे 8 नंबरची सुई, 10 सेंमीत 22 टाके येतील अशी लोकर. 82 टाके घाला. 3 सेंमी दोन सुलट दोन उलट असा काठ, दोन सुलटने सुरू आणि दोन सुलटनेच शेवट. मग साधी विण (एक ओळ सुलट, एक उलट), एकूण 11 सेंमी होईपर्यंत. नंतर घटवायचं: कडेचा एकेक टाका सोडून मधल्या 80 मध्ये आठ सुलट, दोन एकत्र, असं आठ वेळा. पुढची ओळ उलट. मग सात सुलट, दोन एकत्र. असं एकेक कमी करत सुईवर 10 टाके उरेपर्यंत. लोकर 30 सेंमी सोडून कापा, टाक्यांतून ओढून घट्ट करा, त्याच दोऱ्याने मागची शिवण घाला. 50 ग्रॅमच्या गुंड्यात काम होतं. आधी 10 सेंमीचा नमुना विणून बघा. तुमचा हात घट्ट असेल आणि 24 टाके येत असतील तर हीच टोपी 33 सेंमीची होईल आणि कुणालाच बसणार नाही.

बाजारात लोकर म्हणून मिळते त्यातली बरीच अ‍ॅक्रिलिक असते, घाम शोषत नाही. मुंबई-कोकणात बाळाला सुती दोऱ्याचंच विणावं. आणि टोपी बाहेर जाताना, झोपताना नाही. मोज्यांच्या आत सुटी टोकं ठेवू नका. धागा पायाच्या बोटाला गुंडाळला जाऊन रक्त अडल्याचे प्रकार होतात.

बाळ रांगायला लागलं की नियम कडक. पिनकुशनमध्ये सुयांची संख्या ठरलेली, समजा सहा, आणि डबा बंद करताना मोजायच्या. टाचण्या रंगीत डोक्याच्याच. काम संपलं की फरशीवरून लोहचुंबक फिरवा. विजेच्या मशीनचं बटण बंद, पेडल उचलून वर. पायमशीन असेल तर पट्टा चाकावरून उतरवून ठेवा, नाहीतर बाळ पायट्यावर बसतं, चाक फिरतं आणि बोट पट्ट्यात जातं.

आता जरा कडू बोलते. बाळासाठी विणलेलं सगळंच काही "स्वतःचा वेळ" नसतं. बारशापर्यंत स्वेटर झालाच पाहिजे, नणंदेच्या बाळालाही एक, शेजारच्या काकूंच्या नातवाला एक, असं सुरू झालं की ती घरकामाचीच आणखी एक रांग. मग कुणीतरी म्हणतं, "एवढं छान विणतेस, ऑर्डरी का घेत नाहीस?" घ्या, जरूर घ्या, पण हिशोब करून. बाळाच्या एका स्वेटरला 100-120 ग्रॅम लोकर आणि वीसेक तास धरा. लोकरीचे पैसे वजा जाता हातात 400 रुपये उरत असतील तर तासाला 20 रुपये पडले. हा धंदा आहे की सवलत, ते तुमचं तुम्ही ठरवा. छंद तर तो नक्कीच राहिला नाही, कारण तारीख दुसऱ्याने दिली.

म्हणून पहिली वस्तू स्वतःसाठी शिवा. अंगावर पाजणाऱ्या बाईला उपयोगी असा एक बदल सांगते: प्रिन्सेस कटचा, म्हणजे छातीवरून खाली दोन उभ्या शिवणी असलेला, जुना कुर्ता घ्या, छातीच्या उंचीवर दोन्ही बाजूंची उभी शिवण 20 सेंमी उसवा, तिथे कन्सील्ड (शिवणीत लपणारी) झिप बसवा. झिपच्या आत 3 सेंमी रुंद मऊ सुती पट्टी हवीच, नाहीतर दाते बाळाच्या गालाला लागतात. झिपच्या खालच्या टोकाला पाच-सहा टाके एकाच जागी घाला, रोजच्या ओढाताणीने शिवण तिथूनच फाटते. दोन झोपांत एक बाजू होते.

बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे यातलं काहीच नको. तेव्हा मोकळा वेळ म्हणजे झोप. आणि "विणकाम हीच थेरपी" असल्या पोस्ट फिरतात त्यांवर विसंबू नका. दोन आठवड्यांहून जास्त सतत रडू येत असेल, बाळाची किंवा स्वतःची भीती वाटत असेल, तर डॉक्टर. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

शेवटी मनगट. बाळाला काखेत हात घालून, अंगठे ताणून वारंवार उचलल्याने अंगठ्याच्या मुळाशी मनगटाचे स्नायुबंध सुजतात. नव्या आयांमध्ये हे फार दिसतं आणि सुया-क्रोशा त्यात भर घालतात. अंगठा मुठीत धरून मनगट हळूच करंगळीकडे झुकवा. अंगठ्याच्या बाजूला कळ आली तर सुया डब्यात ठेवा आणि ऑर्थोपेडिक किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. बाळाला उचलताना तळवे वर करून एक हात कुल्ल्याखाली, एक मानेखाली, अंगठे बोटांना चिकटलेले. दुखणं थांबल्यावरही आधी रोज दहा मिनिटंच विणा, लाकडी किंवा बांबूच्या हलक्या सुयांवर, आणि कोपराखाली पाजताना घेता तीच उशी घ्या.