पोटगी-ताब्याचा आदेश बदलतो, पण आपोआप बदलत नाही

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला चौघांनी पाठवला. दोघी माझ्या पक्षकार, एक मावसभाऊ आणि एक शाळेतली मैत्रीण. 'घटस्फोट झालेल्यांनी हे जपून ठेवा' असा मथळा आणि खाली सहा मुद्दे. थोडक्यात ते असे: संमतीने घटस्फोट झाला की ताबा आणि पोटगी कायमची ठरली, पुन्हा कोर्टात जाता येत नाही. मूल पाच वर्षांचं झालं की वडिलांकडे जातं आणि नऊ वर्षांचं झालं की स्वतः निवडतं. नोकरी गेली की पोटगी थांबते. मूल भेटू देत नसतील तर पोटगी बंद करायचा हक्क आहे. आईने दुसरं लग्न केलं की मूलही गेलं आणि मुलाचा खर्चही. अठरा पूर्ण झाली की वडिलांची जबाबदारी संपली.

मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. यातल्या एकेका वाक्यावर विश्वास ठेवून नुकसान करून घेतलेली माणसं माझ्यासमोर बसून गेली आहेत, त्यामुळे हा मेसेज पुढे ढकलून गप्प बसणं मला जमलं नाही. इथे मी मुख्यतः हिंदू विवाह कायद्याबद्दल बोलते आहे. नोंदणी पद्धतीने, म्हणजे विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलेल्यांसाठी त्या कायद्याची 37 आणि 38 ही कलमं जवळपास तेच सांगतात. गोव्याचा कौटुंबिक कायदा वेगळा आहे, तिथल्या मंडळींनी तिथल्या वकिलाला विचारूनच पाऊल टाकावं.

"संमतीने सही केली की विषय कायमचा संपला"

सगळ्यात जास्त नुकसान हा मुद्दा करतो. घटस्फोटाचा हुकूमनामा अंतिम असतो, बरोबर. लग्न मोडलं ते मोडलं. पण त्याच कागदातला पोटगीचा आणि मुलांचा भाग तसा नसतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 मधलं दुसरं पोटकलम सरळ म्हणतं की दोघांपैकी कुणाच्याही परिस्थितीत बदल झाला तर न्यायालय पोटगीचा आदेश बदलू शकतं किंवा रद्द करू शकतं. मुलांच्या ताब्याचं, खर्चाचं आणि शिक्षणाचं कलम 26 तर त्याहून मोकळं आहे. हुकूमनाम्यानंतरही अर्ज करता येतो, आणि न्यायालय वेळोवेळी आदेश देऊ शकतं, ते फिरवू शकतं, स्थगित करू शकतं.

ताब्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्येच जेकब खटल्यात सांगितलं आहे की असे आदेश स्वभावतःच अंतिम नसतात. परिस्थिती बदलल्याचं सिद्ध झालं आणि तो बदल मुलाच्या हिताचा असला, तर ते पुढे केव्हाही बदलता येतात. मुलं म्हणजे आईबापांची मालमत्ता नव्हे आणि खेळणीही नव्हेत, हेही त्याच निकालात आहे. अलीकडे, 2023 मध्ये, मुंबई उच्च न्यायालयात न्या. नीला गोखले यांच्यासमोर आलेल्या प्रकरणात तर घटस्फोट संमतीनेच झालेला होता आणि ताब्याच्या अटीही दोघांनी मिळून ठरवलेल्या होत्या. तरीही असे आदेश ताठर ठेवता येत नाहीत, मुलांच्या वाढत्या वयाबरोबर त्यांच्या गरजा बदलतात, असं न्यायालयाने म्हटलं.

माझ्याकडे आलेल्या एका बाईंचं सांगते. घटस्फोट झाला तेव्हा मुलगा बालवाडीत होता. अटींत लिहिलं होतं: मुलाच्या खर्चापोटी दरमहा साडेतीन हजार. मुलगा आठवीत गेला तरी आकडा तोच. 'सही केली होती ना मॅडम, आता कुठल्या तोंडाने मागू?' असं त्या म्हणाल्या. पुढच्या वेळी येताना त्या साड्यांच्या दुकानाची एक जुनी पिशवी घेऊन आल्या. तिच्यात शाळेच्या फीच्या सगळ्या पावत्या, चष्म्याची बिलं, गणिताच्या क्लासची पावतीबुकातून फाडलेली निळी पानं आणि बसच्या पासची झेरॉक्स असं सगळं होतं. आम्ही ते टेबलावर वर्षावार लावलं. पहिल्या वर्षाचा गठ्ठा बोटभर होता आणि शेवटच्या वर्षाचा मुठीत मावत नव्हता. 'परिस्थितीतला बदल' म्हणतात तो हाच, आणि तो असाच दाखवावा लागतो. महागाई वाढली एवढं तोंडी सांगून भागत नाही.

एक फरक मात्र नीट लक्षात घ्या, कारण इथे मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे. बायकोने स्वतःच्या पोटगीपोटी एकरकमी पैसे घेऊन पुढचा हक्क सोडला असेल, तर तो भाग पुन्हा उघडणं फार अवघड जातं. तशी सही करण्याआधी दहा वेळा विचार करा. पण मुलाचा हक्क आईला सोडून देता येत नाही. तो तिचा नाहीच, मुलाचा आहे. आईवडिलांमधल्या तडजोडीने मुलाच्या पोटगीच्या हक्काला बाधा येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे.

"पाचव्या वर्षी वडिलांकडे, नवव्या वर्षी मुलाची मर्जी"

यातला पाचाचा आकडा आला कुठून, तर 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम 6 मधून. पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा, एवढंच ते म्हणतं. पाच पूर्ण झाल्यावर मूल उचलून वडिलांकडे द्या, असं त्यात कुठेही नाही. त्याच कायद्याचं कलम 13 मुलाचं हित सर्वांत वर ठेवतं, वय काहीही असो. नऊचा आकडा तर या कायद्यांमध्ये नाहीच. 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्यात इतकंच आहे की मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर न्यायाधीश ती विचारात घेऊ शकतात. तेव्हा मुलाचं म्हणणं ऐकून घेतलं जातं, पण निर्णय त्याच्यावर टाकला जात नाही.

आणि टाकूही नये. न्यायाधीश मुलांशी चेंबरमध्ये एकटं बोलतात, समुपदेशक बोलतात. बाहेरच्या बाकावर आजी मुलाच्या कानात शेवटचं काहीतरी सांगत असते. ते मी पाहिलेलं आहे, आणि मुलाचा त्या वेळचा चेहराही पाहिलेला आहे. घरी तालीम करून आणलेलं उत्तर अनुभवी समुपदेशकाला पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

"नोकरी गेली की पोटगी थांबते"

थांबत नाही. आदेश बदलेपर्यंत दर महिन्याची रक्कम चढत राहते.

एका तरुणाची नोकरी गेली. फौजदारी कायद्याखालचा आदेश होता, दरमहा वीस हजारांचा. त्याने तिला फोन करून सांगितलं आणि पैसे पाठवणं थांबवलं. कोर्टात अर्ज केला नाही. चौदा महिन्यांनी तो माझ्याकडे आला तेव्हा हातात वसुलीच्या अर्जाची नोटीस होती आणि आकडा दोन लाख ऐंशी हजार. त्याची अडचण खरी होती, कंपनीचं पत्रही होतं. ते पत्र घेऊन पहिल्याच महिन्यात रक्कम कमी करण्याचा अर्ज दिला असता तर गोष्ट निराळी झाली असती. जुन्या फौजदारी संहितेतलं कलम 127 म्हणजे 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं कलम 146. परिस्थिती बदलली तर रक्कम कमी किंवा जास्त करून घ्यायचा मार्ग तोच आहे. थकबाकीसाठी वॉरंट निघतं, आणि तरीही भरली नाही तर प्रत्येक थकलेल्या महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. दुसऱ्या बाजूने, घेणाऱ्यांनीही झोपून राहू नये. या कायद्याखाली रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो.

नोकरी 'गेली' आणि 'सोडली' यांत न्यायालय फरक करतं. स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या नवऱ्याची पोटगी उच्च न्यायालयाने निम्मी केली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये पुन्हा पूर्ववत केली. धडधाकट माणसाने अंगमेहनत करून का होईना कुटुंब पोसावं, असं 2022 च्या एका निकालात आहे. खोटं उत्पन्न दाखवणंही आता पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून निघून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या 'रजनेश विरुद्ध नेहा' या खटल्यात 4 नोव्हेंबर 2020 ला निकाल लागला. तेव्हापासून दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र द्यावं लागतं. आधीचे आदेश लपवता येत नाहीत, आणि बदल हवा असेल तर ज्या प्रकरणात आदेश झाला तिथेच जावं लागतं.

तोंडी ठरवण्याबद्दलही इथेच सांगते, कारण मेसेजमध्ये ते नाही आणि भांडणं मात्र त्यावरूनच होतात. 'तू यंदा बाबांकडे राहा' असं फोनवर ठरतं, मुलगा दोन वर्षं वडिलांकडे राहतो, वडील आईला पैसे देणं बंद करतात. सगळं गुण्यागोविंदाने. मग काहीतरी बिनसतं आणि दोन वर्षांच्या थकबाकीची दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, दाखल होते, कारण कागदावर अजून मूल आईकडेच असतं. दोघांचं पटतच असेल तर तेव्हाच संयुक्त अर्ज किंवा पुरसीस (न्यायालयाला दिलेलं लेखी निवेदन) देऊन न्यायालयाकडून नवा आदेश करून घ्या. भांडण नसताना ते काम फार सोपं असतं.

परदेशात घटस्फोट झालेल्या आपल्या लोकांनी अधिकच सावध राहावं. अमेरिकेतल्या आदेशाने मुलाचा खर्च ठरला असेल आणि दुसरा पालक अजून त्याच राज्यात राहत असेल, तर बदल तिथल्याच न्यायालयातून घ्यावा लागतो. तिथे एकदा थकलेली रक्कम मागे जाऊन कमी करता येत नाही, 1986 पासून तसा केंद्रीय कायदाच आहे. पुण्याला परत आलो म्हणून ते मीटर थांबत नाही.

"मूल भेटू देत नसतील तर पोटगी बंद करा"

हा राग मला समजतो. शनिवारी मुलाला भेटायला म्हणून तासभर बसून, 'आज त्याला ताप आहे' एवढंच ऐकून परत जाणारे वडील मी पाहिले आहेत. एकाने आणलेला क्रिकेटचा बॅट तीन शनिवार त्याच्याच गाडीच्या मागच्या सीटवर होता. त्यांच्यावर अन्याय होतो, यात शंका नाही. पण पोटगीचे पैसे हे भेटीचं भाडं नाही. पैसे थांबले की मुलाची फी थांबते, आणि कोर्टासमोर नियम मोडणारे म्हणून तुम्हीच उभे राहता. भेट अडवली जात असेल तर तारीखवार नोंद ठेवा, मेसेज जपा, भेटीच्या आदेशाच्या अंमलबजावणीसाठी अर्ज करा. समोरची व्यक्ती वारंवार, मुद्दाम भेट मोडत असेल तर ताबाच बदलून मागायला ते एक सबळ कारण होऊ शकतं. उलट बाजूनेही तसंच: पैसे आले नाहीत म्हणून आईने मुलाला वडिलांपासून तोडू नये. थकबाकीला वसुलीचा रस्ता आहे.

"आईचं दुसरं लग्न झालं की मूलही गेलं, खर्चही गेला"

तीन वेगळ्या गोष्टी इथे एकत्र केल्या आहेत. पुनर्विवाह केलेल्या बाईची स्वतःची पोटगी रद्द होऊ शकते, त्यासाठीही अर्ज करून आदेश घ्यावा लागतो. मुलाचा खर्च मात्र सुरूच राहतो. सावत्र वडील आले म्हणून जन्मदात्याची जबाबदारी त्यांच्याकडे जात नाही. आणि पुनर्विवाह एवढ्याच कारणाने आईचा ताबा काढता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये म्हटलं आहे. नव्या घरात मूल कसं आहे, ते मात्र तपासलं जातं, आणि ते योग्यच आहे. वडिलांच्या दुसऱ्या लग्नालाही हेच लागू. नव्या संसाराचा खर्च वाढला म्हणून पोटगी थोडी कमी झाल्याचंही उदाहरण आहे: 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेवीस हजारांची रक्कम वीस हजार केली. नेहमी ऐकू येणारा 'पगाराच्या 25 टक्के' हा आकडा त्याच निकालातून पसरला. तो एक अंदाज आहे, कमाल मर्यादा नाही.

"अठरा पूर्ण, खर्च बंद"

मुलग्याच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरं आहे. शारीरिक किंवा मानसिक कारणाने तो स्वतःचा सांभाळ करू शकत नसेल तर वेगळं. म्हणूनच संमतीच्या अटी लिहिताना 'पदवीचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत' हे शब्द घालून घ्या. अठरावं वर्ष बारावीत संपतं आणि खरा खर्च तिथून सुरू होतो.

मुलीच्या बाबतीत मात्र मेसेज साफ चुकीचा आहे. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचं कलम 20 अविवाहित मुलीला, तिला स्वतःचा निर्वाह करता येत नसेल तर, अठरानंतरही हक्क देतं. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा स्पष्ट केला.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून अनेकजणी इथेच थांबतात. महिलांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, 1987 च्या विधी सेवा कायद्याने. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. जाताना हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल, अटींचा कागद, बँकेचं पासबुक आणि पावत्या न्या.

त्या साड्यांच्या पिशवीवाल्या बाईंना एक मोठी मुलगीही आहे, तेव्हा नुकतीच एकोणीस पूर्ण झालेली. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. भावाचा अर्ज तयार होत असताना ती शेजारी बसून सगळं ऐकत होती. मग तिने विचारलं, 'माझं वेगळं करावं लागेल का?' करावं लागेल, म्हटलं. त्या अर्जावर अर्जदार म्हणून आईचं नाव नव्हतं. तिने स्वतः वाचून, एका ठिकाणी कॉलेजच्या नावातली चूक दुरुस्त करून, खाली सही केली.